सोंग आणि साक्षी : बोहाड्याचा मुखवटा व चित्रपटातील हस्तकृत वस्तू

आपल्या आरंभीच्या चित्रपटांतील कागदी नाग, लाकडी विमाने, पुठ्ठ्याचे प्रासाद यांविषयी लिहिताना ‘त्या काळाच्या मानाने बरे’ हा अभिप्राय समीक्षकांच्या लेखणीतून सहज उतरतो. वरवर पाहता तो उदार आहे. वस्तुतः तो विचार टाळणारा आहे. हस्तकृत वस्तूचे यश म्हणजे मूळ वस्तूशी असलेले तिचे साम्य, हे त्यात गृहीतच धरलेले असते. हे गृहीतक तपासून पाहावयाचे तर चित्रपटगृहाबाहेर, नाशिक जिल्ह्याच्या टोकाला डांगच्या सीमेवर वसलेल्या सुरगाण्याकडे वळणे उपयुक्त ठरेल.

१९४८ पर्यंत लहानसे संस्थान असलेल्या या डोंगराळ मुलखात, तसेच पेठ, जव्हार, मोखाडा या भागांत, बोहाडा अथवा भवाडा हा मुखवट्यांचा उत्सव होतो. गणपती, रावण, नरसिंह, वेताळ अशी सोंगे रात्री एकामागून एक निघतात. संबळाच्या ठेक्यावर सोंग पुढे येते, मागे सरते, पुन्हा पुढे येते. मुखवटे पूर्वी लाकडाचे असत. आता बहुधा कागदाच्या लगद्याचे असतात. रंग भडक, डोळे वटारलेले, रेषा ठळक. दिवसाउजेडी भिंतीवर टांगलेला असा मुखवटा पाहून पुष्कळांस तो ओबडधोबड वाटतो. परंतु तो भिंतीसाठी घडविलेलाच नाही. टेंभ्याच्या हलत्या उजेडात, काही पावलांच्या अंतरावरून, नाचणाऱ्या देहावर तो पाहावयाचा असतो. मुखवट्याखाली गावातलाच माणूस आहे हे सर्वांना ठाऊक असते. त्याचे पायही दिसत असतात. लपविलेले असे काही नसते, आणि तरीही नरसिंह आला की गर्दी मागे सरते. मुखवट्याला वजन येते ते या मागे सरण्याने. मुखवटा घडविणाऱ्याने अर्धे काम केलेले असते. उरलेले अर्धे गाव करते.

चित्रपटात हे गाव पडद्यासमोर अंधारात बसलेले असते, आणि त्याच्या मागे सरण्याचा पडद्यावरील वस्तूवर काहीच परिणाम होत नाही. म्हणून ते काम चौकटीच्या आतील कोणास तरी करावे लागते. माझ्या मते हस्तकृत वस्तूचे चित्रपटातील यशापयश मुख्यतः येथे ठरते.

त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके याच जिल्ह्याचे. त्यांनी बोहाडा पाहिला होता किंवा कसे, या तर्कात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकलेबरोबर नमुने घडविण्याचेही शिक्षण घेतले होते, आणि स्वतःचे आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केल्फा’ या नावाने ते जादूचे प्रयोगही करीत. लपविण्याची विद्या त्यांना चांगली अवगत होती. तथापि ‘कालिया मर्दन’ (१९१९) या सुदैवाने टिकून राहिलेल्या चित्रपटातील नाग त्यांनी फारसा लपविलेला नाही. तो घडविलेला आहे हे लहान मुलासही कळते. त्याच्याशी झुंजणारा कृष्ण म्हणजे फाळक्यांची कन्या मंदाकिनी. पाण्याखालील ही झुंज फाळके सलग दाखवीत नाहीत. ती तोडून ते पुनःपुन्हा काठावर हवालदिल झालेल्या गोकुळजनांकडे वळतात. नागाचा धाक त्या चेहऱ्यांतून उत्पन्न होतो. काठावरची माणसे वगळून केवळ नागाचे तुकडे जोडले, तर उरेल ते एक मोठे खेळणे. फाळक्यांच्या संकलनातील हे शहाणपण त्यांच्या तांत्रिक करामतींच्या कौतुकाखाली झाकले गेले आहे.

दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’मध्ये (१९३६) तर वस्तू स्वतः दुबळीच आहे असे म्हणावे लागेल. वैकुंठाला नेणारे ते गरुडाकृती विमान भव्य असले तरी जड वाटते, आणि त्याच्या पंखांवर नाटकाच्या पडद्याची कळा आहे. पण दिग्दर्शकांनी खाली जिजाईला ठेविले आहे. संसाराचा पसारा सोडून वर जाण्यास नकार देणारी, चूल आणि पोरे यांत गुंतलेली ही बाई (गौरी या अभिनेत्रीने ती ज्या रोखठोकपणे उभी केली आहे त्यास आपल्या चित्रपटात तोड क्वचित सापडेल) आकाशाकडे पाहते, तेव्हा विमानाचे लाकूड व रंग आपण विसरतो. तिचे जे जात आहे ते खरे आहे. म्हणून नेणारे वाहनही खरे ठरते.

याच दृष्टीने महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’कडे (१९९३) पाहावे, अभ्यासमंडळे या चित्रपटास सहसा स्पर्श करीत नाहीत. रामदास पाध्ये यांनी घडविलेला त्यातील बाहुला आणि त्याची कथाकल्पना ‘चाइल्ड्स प्ले’ (१९८८) या अमेरिकी चित्रपटाची ऋणी आहे, हे उघड आहे. परंतु नायक बोलक्या बाहुल्यांचा खेळ करणारा आहे, ही योजना येथे फार कामी आली. बाहुल्यात हात घालून त्यास बोलविणे हा ज्याचा धंदा, त्याच्याच समोर बाहुला हाताशिवाय बोलू लागतो. ‘अर्धवटराव’ पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेल्या मराठी प्रेक्षकास या कल्पनेतील विपरीतपणा समजावून सांगावा लागत नाही. बाहुल्याच्या हालचाली मर्यादित आहेत. जबड्याची उघडझाप, मान, हात, एवढेच. भयाचा उरलेला भार लक्ष्मीकांत बेर्डे यांनी उचलला आहे, आणि विनोदी नट म्हणून मिळालेल्या कीर्तीमुळे त्यांच्या या कामाकडे दुर्लक्ष झाले आहे.

आज संगणकावर रचलेले प्राणी केसाकेसापर्यंत हुबेहूब असतात, तरी पुष्कळदा ते निर्जीव वाटतात. दोष पुष्कळदा रचनाकाराचा नसतो. चित्रीकरणाच्या वेळी नटासमोर काठीला बांधलेला चेंडू असतो, आणि तो चेंडू त्याच्या डोळ्यांत दिसतो. सुरगाण्याच्या टेंभ्याच्या उजेडात मागे सरणाऱ्या पोरासमोर निदान लगद्याचा नरसिंह तरी उभा असतो.