चुंबकीय द्रव-सील : एका तांत्रिक वर्णनाची चिकित्सा

शास्त्रीय परिभाषेची परीक्षा सामान्यतः व्युत्पत्ती, सुबोधता व एकरूपता या निकषांवर केली जाते. परंतु ज्या संज्ञेमुळे यंत्ररचनाकाराचे गणित चुकू शकते, तिला आणखी एक निकष लावणे अवश्य आहे : वस्तूचे कार्य ज्या कारणाने घडते, ते कारण संज्ञा दाखविते की झाकते? फिरत्या शाफ्टवरील चुंबकीय द्रव-सील हे या दृष्टीने उद्बोधक उदाहरण होय.

निर्वात पात्राच्या भिंतीतून फिरता शाफ्ट न्यावयाचा, तर भोवतालच्या फटीतून वायू आत शिरू देता कामा नये. त्यासाठी कायम चुंबकाच्या दोन्ही बाजूंस मृदू लोहाचे ध्रुवखंड बसवितात, त्यांवर किंवा शाफ्टवर दाते कोरतात आणि सुमारे ०·१ मिलिमीटर किंवा त्याहून अरुंद फटीत द्रव भरतात. या द्रवात मॅग्नेटाइटचे सुमारे १० नॅनोमीटर व्यासाचे कण विखुरलेले असतात. 'नासा'तील स्टीफन पॅपेल यांना अशा द्रवाचे पेटंट १९६५ मध्ये मिळाले. त्यांचा हेतू मात्र वजनरहित अवस्थेत रॉकेटचे इंधन आवरण्याचा होता.

प्रथम 'चुंबकीय' हे विशेषण पाहावे. '-ईय' हा प्रत्यय केवळ संबंध दाखवितो. तो संबंध अंगभूत गुणाचा की बाह्य प्रभावाचा, हे सांगत नाही. हा द्रव स्वतः चुंबक नव्हे. बाह्य क्षेत्र काढताच त्याचे चुंबकन नाहीसे होते. परंतु संज्ञा वाचून द्रवच सारे काम करतो, असा ग्रह होतो.

याहून घातक आहे तो 'द्रवरूप ओ-रिंग' हा इंग्रजीतून आलेला रूढ दृष्टान्त. रबरी कडे दाबले जाऊन रोध करते. द्रवाच्या कड्याची शक्ती त्याच्या दोन पृष्ठभागांवरील चुंबकीय क्षेत्रांच्या फरकात असते. रोनाल्ड रोझेन्सवाइग यांच्या 'फेरोहायड्रोडायनॅमिक्स' (१९८५) या ग्रंथात बर्नुलीच्या समीकरणाचा विस्तार करून हेच प्रतिपादिले आहे. क्षेत्र कितीही प्रबळ असले, पण सर्वत्र सारखे असले, तर कडे काहीच दाब पेलणार नाही. दाते कोरावयाचे ते यासाठीच. द्रवाचे संपृक्त चुंबकन दर मीटरला ३२,००० अँपिअर आणि क्षेत्रातील फरक ०·८ टेस्ला धरला, तर एक कडे सुमारे २५,६०० पास्कल, म्हणजे पाव वातावरणाएवढा दाब पेलते. एका वातावरणासाठी अशी किमान चार कडी हवीत. सुरक्षिततेसाठी त्याहून अधिक. ओ-रिंगच्या दृष्टान्तात अडकलेला विद्यार्थी मात्र अधिक प्रबळ चुंबक शोधत बसेल.

त्याच दृष्टान्तामुळे कडे 'फुटते' असेही म्हटले जाते. रबर फाटले की निकामी होते. येथे दाब मर्यादेबाहेर गेला, तर कड्यात क्षणभर छिद्र पडते, वायू पुढील दालनात जातो आणि द्रव पुन्हा मिटतो. जे सोडून देणे व सावरणे आहे, त्याला 'फुटणे' म्हणणे यथार्थ नव्हे.

'घर्षणरहित' हे विशेषणही तपासून घेतले पाहिजे. घन पृष्ठभाग एकमेकांवर घासत नाहीत, एवढेच त्यात सत्य. द्रवाच्या श्यानतेमुळे निर्माण होणारी उष्णता पृष्ठवेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तापलेला द्रव उडून जातो व सीलचे आयुष्य घटते. फट अरुंद केल्याने क्षेत्र वाढते, तसे द्रवातील कर्तनही वाढते. रचनेतील हा खरा पेच त्या एका विशेषणाने पुसला जातो.

मग पर्याय कोणता? 'सील' हा शब्द कारखान्यांत 'ऑइल सील'मुळे रुळलेला आहे. तो हटवून संस्कृत प्रतिशब्द बसविण्याचा आग्रह अनाठायी ठरेल. बदल हवा तो विशेषणात. 'क्षेत्रधृत द्रव-सील' ही संज्ञा किंचित अवघड असली, तरी द्रवाला धरून ठेवणारे क्षेत्र ती पुढे आणते. क्षेत्रातील फरकाचे सूत्र तिच्यात मावत नाही, हे खरे; ते व्याख्येने सांगावे. संज्ञेने निदान व्याख्येच्या विरुद्ध दिशेला बोट दाखवू नये.