‘त्यांना सवय झालीये’ हे आपल्याला कसं कळलं?

जानेवारीत आम्ही चौघं दापोलीपासून मालवणपर्यंत सागरी रस्त्याने गेलो. दाभोळला गाडी फेरीबोटीत चढवून धोपाव्याला उतरलो, पुढे तवसाळ-जयगडला परत फेरीबोट. रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड करत चौथ्या दिवशी तारकर्ली-देवबागला पोचलो. सहलीतला सगळ्यात गाजलेला कार्यक्रम शेवटी ठेवला होता: सकाळची डॉल्फिन सफर.

डॉल्फिन दिसले. तीन पाठी वर आल्या, आमची बोट तिकडे वळली. पाठोपाठ आणखी पाच बोटी आल्या. पाठी बुडाल्या आणि लांब दुसरीकडे निघाल्या, की सहाही बोटी तिकडे. वीसेक मिनिटं हेच. मी बोटवाल्या काकांना विचारलं, “काका, इतक्या जवळ गेल्यावर त्यांना त्रास नाही का होत?” ते हसून म्हणाले, “तेंका आता सवय झालीहा, ताई.”

आजची पोस्ट या एका वाक्यावर आहे. माझी पीएचडी प्राण्यांची मोजणी कशी करायची यावर चाललीये, आणि या वाक्यात मोजणीची एक जुनी चूक लपलेली आहे.

ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर शार्क बे नावाचा उपसागर आहे. तिथले बॉटलनोज डॉल्फिन संशोधक वर्षानुवर्षं एकेक करून ओळखतात. पाठीवरच्या परावरच्या खाचा प्रत्येकाच्या वेगळ्या असतात, त्यामुळे फोटोवरून हजेरी घेता येते. 2006 साली लार्स बेय्डर आणि सहकाऱ्यांनी या हजेरीवर एक पेपर लिहिला. त्यांनी दोन भाग घेतले: एकात पर्यटकांच्या बोटी जायच्या, शेजारच्या भागात नाही. पर्यटनाच्या भागात सफरवाले एकावरून दोन झाले, तेव्हा तिथली डॉल्फिनची सरासरी संख्या 14.9 टक्क्यांनी घटली. म्हणजे साधारण सातातला एक कमी. शेजारच्या भागात तशी घट दिसली नाही. हे वाढले होते फक्त एका सफरवाल्याने!

आता गंमत बघा. त्या काळात तुम्ही तिथे सफरीला गेला असतात, तर तुम्हाला डॉल्फिन दिसलेच असते, आणि तेही बोटीला न घाबरणारे. कारण ज्यांना बोट सहन होत नव्हती ते निघून गेले असणार. मागे उरले ते सोशिक. उरलेल्यांकडे बघून ‘सगळ्यांना सवय झाली’ म्हणणं म्हणजे लोकलच्या डब्यात उभ्या असलेल्यांना विचारून ‘गर्दीचा कोणालाच त्रास नाही’ असं ठरवण्यासारखं आहे. ज्यांना चढताच आलं नाही, ते उत्तर द्यायला डब्यात नाहीतच. सवय झालीये असं म्हणायचं, तर तोच प्राणी आधी कसा वागायचा आणि नंतर कसा वागतो, हे माहीत हवं.

पेपरवरही टीका करायला हवी. एक, तिथे डॉल्फिन मेले असं तो दाखवत नाही. त्या भागातला वावर घटला, एवढंच. दोन, शार्क बेचा आकडा उचलून देवबागला चिकटवता येणार नाही. आपल्या किनाऱ्यालगत दिसतात ते मुख्यतः हम्पबॅक डॉल्फिन. प्रजाती वेगळी, समुद्र वेगळा. पण हा फरक आपल्याला दिलासा देणारा नाही. हे डॉल्फिन उथळ पाण्यात, किनाऱ्याला धरून राहतात. बोटींपासून लांब जायचं म्हटलं तर त्यांच्याकडे जागेची पट्टीच अरुंद. एका वेळी एकच पिल्लू, आणि दोन पिल्लांमध्ये काही वर्षांचं अंतर. आययूसीएनच्या यादीत ही प्रजाती 2017 पासून ‘धोक्यात’ या गटात आहे.

मग दोष काकांचा का? मला तसं वाटत नाही. आमच्याच बोटीत कुणीतरी ओरडलं, “अजून जवळ घ्या ना!” खरं सांगायचं तर ती मीच होते. शेजारची बोट जवळ गेली आणि आपली लांब राहिली, तर गिऱ्हाईक पैशावरून वाद घालतं. सीझन मोजक्या महिन्यांचा, पावसाळ्यात बोटी बंद. एकट्या काकांनी इंजिन मंद केलं तर डॉल्फिनचा फायदा शून्य, कारण बाकीच्या पाच आहेतच. नुकसान मात्र त्यांचंच. नियम सगळ्यांना सारखा लागला तरच तो पाळणं परवडतं. शार्क बेमध्ये त्या अभ्यासानंतर सरकारने सफरींचे परवाने दोनावरून एकावर आणले. आपल्याकडे इतकंही आधी पुरेल: एका कळपाजवळ एका वेळी किती बोटी, किती अंतरावर आणि किती वेळ, हे सगळ्या बोटवाल्यांनी मिळून ठरवायचं.

सफर वाईट म्हणून जाऊच नका, असं मी म्हणणार नाही. पण सफर चांगली की वाईट हे आपण ‘दिसले का?’ या एकाच प्रश्नावर ठरवतो, ते चुकतंय. पुढच्या वेळी पैसे ठरवतानाच मी सांगणार आहे: काका, लांबूनच दाखवा, पाठलाग नको, नाही दिसले तरी पैसे पूर्ण देईन. तुम्हीही सांगून बघा. आणि कुणी ‘सवय झालीये’ म्हणालं, तर एवढंच विचारा: जे निघून गेले, त्यांना कोणी मोजलं?