प्रत्ययाच्या अलीकडचं यमक

रॅपमधल्या बहुअक्षरी यमकाला रॅपर मंडळी नुसतं 'मल्टी' म्हणतात, आणि त्याची चर्चा बहुतेक वेळा मोजणीपाशीच अडते: याने चार अक्षरं जुळवली, त्याने सात. ही मोजणी कौतुकाची असली तरी तिने काव्याबद्दल फारसं काही कळत नाही. मल्टीचं खरं मोल यमक ओळीत कुठे पडतं आणि ते साधताना कवीला न सुचलेलं काय बोलावं लागतं, यात आहे. या कसोटीवर पाहिलं तर मराठी रॅपला या तंत्राची गरज इंग्रजीपेक्षाही जास्त आहे, असं माझं ठाम मत आहे.

इंग्रजीत हे तंत्र टंचाईतून वाढलं. 1979च्या 'रॅपर्स डिलाइट'मध्ये यमक मुख्यतः ओळीच्या टोकाला येतं आणि तिथेच संपतं. 1987मध्ये एरिक बी. आणि राकिम यांचा 'पेड इन फुल' हा अल्बम आला. लाँग आयलंडच्या या राकिमला सॅक्सोफोन वाजवता येत असे. त्या वाद्याच्या सुरावटीसारखंच त्याने यमक ओळीच्या पोटात नेलं आणि वाक्य बारची, म्हणजे ठेक्याच्या एका मापाची, हद्द ओलांडून पुढे वाहू दिलं. कूल जी रॅप, बिग डॅडी केन यांनी ती वीण दाट केली. 1998च्या 'कॅपिटल पनिशमेंट'मध्ये बिग पनने ती दमछाक होईपर्यंत ताणली. इंग्रजीत शुद्ध यमकं कमी, म्हणून या कवींनी व्यंजनांचा आग्रह सोडला आणि आघात पडणाऱ्या अक्षरांचे स्वर तेवढे जुळवले. 'ऑरेंज'ला यमकच नाही, हा समज एमिनेमने 2010च्या एका दूरचित्रवाणी मुलाखतीत खोडून काढला. शब्दाचे दोन तुकडे करून त्याने 'डोअर हिंज' त्याच्याशेजारी बसवलं. कागदावर हे जुळत नाही, तोंडात जुळतं. उच्चार वाकवणं ही लबाडी आहे, असं म्हणणाऱ्यांनी शाहीर अक्षर कसं लांबवतो तेही ऐकावं. मर्यादा एकच: शब्द ओळखू यायला हवा.

मराठीची अडचण नेमकी उलटी आहे. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे 'गेला', 'आला', 'झाला' ही यमकं व्याकरणच फुकट पुरवतं. बऱ्याच मराठी रॅपमध्ये ओळीमागून ओळ याच फुकटच्या मालावर संपते, आणि तिसऱ्या ओळीपासून कान ऐकणं सोडून देतो. मल्टी यमकाचं ओझं प्रत्ययावरून उचलून त्याच्या अलीकडे, धातूवर आणि नामावर टाकतं. 'भाडेकरू' हा शब्द घ्या. त्याचे स्वर आ, ए, अ, ऊ. त्याच स्वरांवर 'मागे सरू' बसतं आणि 'पाढे म्हणू'ही बसतं. एकीकडे एक सलग नाम, दुसरीकडे दोन-दोन शब्दांच्या क्रिया; व्यंजनं बहुतेक निराळी. पण तिन्ही शेजारी येताच भाड्याची खोली, घरमालकापुढची माघार आणि त्याच खोलीत पाढे घोकणारं पोर असं एक घर उभं राहतं. 'भाडेकरू' हा विषय घेऊन सरळ लिहायला बसलेल्याला पाढे सुचलेच असते असं नाही. ते स्वरांनी आणून दिले. मात्र हे बीटवर नीट बसवावं लागतं. मराठीत आघात इंग्रजीइतका ठळक नाही, तो ठेक्याकडून उसना घ्यावा लागतो. 'भा' ठोक्यावर आणि 'पा' अर्धा ठोका आधी पडला, तर स्वर जुळूनही यमक ऐकू येत नाही. लिपीवरही विसंबता येत नाही. 'गावकरी' आणि 'आवडली' चार-चार अक्षरांचे दिसतात, पण तोंडात ते 'गाव्‌-क-री' आणि 'आ-वड्‌-ली' असे तीन तुकड्यांचे होतात.

ही निव्वळ कसरत आहे, हा आक्षेप जुना आहे. वामन पंडितांना 'यमक्या वामन' म्हटलं गेलं. ओष्ठ्य वर्ण टाळून निरोष्ठ रामायण रचणाऱ्या मोरोपंतांनाही तो चुकला नाही. त्यात तथ्य आहे. एमिनेमच्याच 2013च्या 'रॅप गॉड'ची 1,560 शब्दांसाठी गिनीज बुकात नोंद झाली. त्या गाण्यात कौशल्य स्वतःकडेच बोट दाखवतं. पण 2002च्या 'लूज युअरसेल्फ'मध्ये तीच स्वरमाला ओळीमागून ओळ परत येते, तेव्हा मंचावर जाण्याआधी गर्भगळीत झालेल्या तरुणाच्या डोक्यातला घुमारा आपल्याला ऐकू येतो. माणूस तोच, हत्यार तेच. दोष तंत्राचा असता तर ही दोन गाणी इतकी वेगळी झाली नसती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जात्यावरच्या ओव्या साध्या अंत्ययमकावर पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या, बहिणाबाईंनाही मल्टी लागलं नाही. मग रॅपलाच का लागावं? कारण ओवीला चाल आहे, जात्याच्या फेऱ्याची लय आहे. यमक सैल पडलं तरी सूर ओळ धरून ठेवतो. रॅपरने सूर सोडलेला असतो. त्याच्याकडे ठेका आणि शब्द एवढंच उरतं, म्हणून जे काम चाल करायची ते स्वरांच्या रचनेला करावं लागतं.

2024मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकर यांच्या 'तांबडी चामडी'ने मराठी उच्चार नाचाच्या बीटवर किती टणक वाजतात हे मराठी न समजणाऱ्यांनाही ऐकवलं. ठसका आहेच, आता वीण हवी. त्यासाठीचा माल पुण्या-मुंबईच्या प्रमाण बोलीत कमी आणि बाहेर जास्त आहे. 'करतोय' म्हणणाऱ्याच्या हाती एक स्वरमाला येते, 'करून राहिलो' म्हणणाऱ्या वऱ्हाडी पोराच्या हाती वेगळी आणि लांब. मालवणी, अहिराणीचे प्रत्यय आणखी निराळे. ही पोरं आपापल्या बोलीत लिहू लागली, तर प्रमाण मराठीला न सापडणारी यमकं त्यांना आपल्याच अंगणात सापडतील.