हेवा नेहमी दुसऱ्याचाच

मराठीतल्या वयात येण्याच्या कादंबऱ्या एकापाठोपाठ एक वाचल्या की एक गोष्ट खटकायला लागते. या कादंबऱ्यांतला मुलगा प्रेमात पडतो, बंड करतो, बापाशी वाद घालतो, गर्दीत एकटा पडतो. पण मित्राला आपल्यापेक्षा जास्त मिळालं म्हणून त्याच्या पोटात सहसा दुखत नाही. जळतात ते इतर. गोष्ट सांगणारा मात्र सोसणारा, समजून घेणारा, फार तर चुकणारा असतो. ही सूट आपण त्याला इतकी वर्षं का दिली, हा प्रश्न कापडगिरण्यांच्या वस्तीत, गिरणगावातल्या काळाचौकीत राहून टाळता येत नाही, कारण हेव्याला याहून सुपीक जमीन मुंबईत क्वचितच सापडेल.

गिरणगावात सगळे सारखे होते, असं आपण अभिमानाने सांगतो. ते खरंच आहे, आणि तुलना जन्मते तीही त्या सारखेपणातच. एकाच गॅलरीतली दारं, एकाच गिरणीचे पगार, एकाच शाळेतली मुलं. दहावीचा निकाल लागला की मुलगा पेढ्यांचा पुडा घेऊन दारोदार जातो. प्रत्येक दारात ‘किती पडले?’ असं विचारलं जातं आणि उत्तर ऐकून झालं की घरातल्यांची नजर आत बसलेल्या आपल्या पोराकडे वळते. त्या पोरालाही पेढा घ्यावाच लागतो, तोंड गोड करावंच लागतं, आणि संध्याकाळी त्याच मित्राबरोबर मैदानावर जावं लागतं. पुढे 18 जानेवारी 1982 रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि ते सारखेपण मोडलं. कुणाचा बाप गावी गेला, कुणाचा वॉचमन झाला, कुणाचा भाऊ बँकेत चिकटला. 2012 साली म्हाडाने गिरणी कामगारांसाठी 6,925 घरांची सोडत काढली. एका कामगारामागे घर एकच; वारस मात्र तीन-चार. भावाभावांतला अबोला तिथून सुरू झाला अशी घरं या भागात शोधावी लागत नाहीत.

एवढं सगळं समोर असताना आपल्या कादंबरीने काय केलं?

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ (1935) या पुस्तकापासून सुरुवात करायला हवी, कारण बालपण कसं सांगायचं याचा वळणाचा कित्ता त्याने घालून दिला. श्याम आपले अपराध कबूल करतो, हे त्या पुस्तकाचं मोठेपण. पण पुस्तक रात्रींमध्ये विभागलेलं आहे. चूक झाली, आईने समजावलं, डोळे भरून आले, रात्र संपली. खोटं बोलणं, भीती, हट्ट या गोष्टी एका रात्रीत मावतात. हेवा मावत नाही. तो झोपून उठल्यावरही तिथेच असतो आणि वर्षानुवर्षं मुरत जातो.

प्रसंगाप्रसंगांनी बालपण रचण्याची ही सवय पुढे फार सुंदर पुस्तकांतही टिकली. प्रकाश नारायण संतांचा लंपन आईबाबांपासून दूर, आजी-आजोबांकडे वाढतो. मराठीत लहान मुलाचं मन इतक्या हळुवारपणे क्वचितच कुणी उलगडलं असेल. पण ‘वनवास’ (1994) आणि नंतरच्या पुस्तकांत गोष्टी सुट्या सुट्या येतात, त्यामुळे मनातली अढी एका गोष्टीतून दुसऱ्या गोष्टीत धरून ठेवली जात नाही. मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ (2004) नववीच्या एका वर्षात घडते. मुकुंद, सुऱ्या, चित्रे, फावड्या या चौघांच्या घरच्या परिस्थितीतला फरक बोकील अचूक टिपतात. मात्र तो फरक मैत्रीला आतून कुरतडू लागेल त्याआधीच वर्ष सरतं. त्या चौघांची पुढची वीस वर्षं कुणी लिहिली असती तर?

आनंद यादवांच्या ‘झोंबी’त (1987) हेव्याची एक शक्यता दडलेली आहे, असं मला वाटतं. मुलाला शाळेतून काढून रानात जुंपणारा बाप आपण गरिबीचा आणि अडाणीपणाचा प्रतिनिधी म्हणून वाचतो. पण मुलगा आपल्यापुढे जाईल आणि मग आपला राहणार नाही, ही बापाची धास्ती त्या जाचामागे आहे का, हे आपल्या समीक्षेने फारसं विचारलं नाही. हेवा दिसला की आपण त्याचं चटकन सामाजिक कारणात रूपांतर करतो. कारण खरं असतं. पण तेवढं सांगून माणूस संपत नाही.

अपवादही आहेत, आणि ते महत्त्वाचे आहेत. सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’मध्ये (2006) घरात राहायला आलेल्या एकाच तरुणावर भाऊ आणि बहीण दोघंही प्रेम करतात. कादंबरी आधी तनयच्या आणि मग अनुजाच्या तोंडून येते. एकाचं हिरावून घेतलं जाणं हे दुसरीचं मिळवणं होतं, आणि दोघांना स्वतंत्र आवाज असल्यामुळे कुणालाच निर्दोष राहण्याची मुभा मिळत नाही. शांता गोखल्यांच्या ‘रीटा वेलिणकर’मध्ये (1990) घराचा भार उचलणारी मुलगी स्वतःच्या मनातला कडवटपणा झाकत नाही. किरण नगरकरांनी ‘रावण अँड एडी’ (1995) इंग्रजीत लिहिली, पण ती आहे आपल्या शेजारच्या माझगावच्या चाळीची. एका मुलाच्या पडण्यात दुसऱ्याचा बाप जातो आणि दोन मजल्यांवरची दोन पोरं एकमेकांपासून तुटूनही एकमेकांच्या जगाकडे ओढली जातात.

खुद्द गिरणगावात हेवा सगळ्यात धीटपणे कुणी लिहिला असेल तर तो जयंत पवारांनी. त्यांनी त्यासाठी नाटक आणि कथा निवडली. ‘अधांतर’ (1997) या नाटकात संपानंतरच्या एका खोलीत धुरी कुटुंबातली भावंडं एकमेकांना लागेल असंच बोलतात. लेखक होऊ पाहणाऱ्या थोरल्या भावाबद्दलची चीड आणि त्याच्या मनातला इतरांबद्दलचा तुच्छभाव, दोन्ही उघड्यावर येतात. रंगमंचावर निवेदक नसतो, म्हणून कुणाची बाजू आपोआप उजळ होत नाही. नाटकाला जे साधलं ते कादंबरीला का साधू नये?

अडचण दोन ठिकाणी आहे असं मला दिसतं. पहिली काळाची. हेव्याला एक इयत्ता पुरत नाही. एलेना फेरांते या इटालियन लेखिकेने नेपल्समधल्या गरीब वस्तीतल्या दोन मैत्रिणींसाठी 2011 ते 2014 या काळात चार खंड लिहिले आणि बालपणापासून म्हातारपणापर्यंत ती मैत्री नेली. दुसरी अडचण निवेदकाची. फेरांतेची निवेदिका एलेना सांगायला बसते तीच मैत्रिणीवरच्या रागातून. शिकून मोठी झाल्यावरही आपली हुशारी खरी की तिची उसनी, ही शंका तिला सोडत नाही. वाचक तिच्यावर प्रेम करतो ते ती हे लपवत नाही म्हणून.

काळाचौकीत इंडिया युनायटेड मिल क्रमांक 2 आणि 3 च्या जागेवर वस्त्रोद्योगाच्या संग्रहालयाची योजना आहे. तिथे यंत्रं जपली जातील, आणि ती जपायलाच हवीत. पण भाडेपावतीवर नाव लागलेला भाऊ आणि न लागलेला भाऊ यांचं नातं कुठल्या दालनात ठेवणार? अभ्युदयनगरच्या पुनर्विकासाच्या चर्चेत कुणाला कितवा मजला मिळेल, यावरून जुन्या मित्रांत जी सूक्ष्म मोजदाद सुरू होते, ती कोण नोंदवणार? हे काम कादंबरीचंच आहे. त्यासाठी गिरणगावात वाढलेल्या लेखकाला एक अवघड वाक्य लिहावं लागेल: मित्राचं भलं झालं आणि मला वाईट वाटलं. ते लिहिल्याने वस्तीची बदनामी होईल, कष्टकऱ्यांच्या एकजुटीला डाग लागेल, ही भीती मला समजते. पण एकजूट होती ती हेवा वाटत असतानाही एकमेकांच्या दारात उभ्या राहणाऱ्या माणसांची. तो हेवा वगळला तर त्यांच्या एकत्र राहण्याची किंमतच आपल्याला कळणार नाही.