दृष्टिपटलाची हानी आणि मोजमापाची पट्टी : नेत्र-कर्करोग व औषधजन्य विकार यांवरील संशोधनाची चिकित्सा

डोळ्याच्या कर्करोगावरील संशोधन आणि औषधांमुळे दृष्टिपटलास होणाऱ्या हानीवरील संशोधन ही सामान्यतः दोन स्वतंत्र दालने मानली जातात. पहिल्याचा वाचक कर्करोगतज्ज्ञ, तर दुसऱ्याचा बहुधा संधिवाताचा रुग्ण तपासणारा वैद्य. प्रस्तुत लेखात या दोहोंचा एकत्र विचार केला आहे, कारण दोहोंच्या मुळाशी एकच पद्धतिशास्त्रीय प्रश्न आहे : हानी कशाने मोजली आणि कोणाच्या डोळ्यावर मोजली? प्रस्तुत लेखक वैद्यक शाखेचा नाही. त्यामुळे येथे उपचाराचा सल्ला नसून प्रसिद्ध संशोधनाच्या मांडणीची चिकित्सा आहे.

प्रथम औषधाचा विचार करू. मलेरियावरील क्लोरोक्विन दीर्घकाळ घेतल्यास दृष्टिपटलास इजा होते, हे हॉब्ज, सॉर्स्बी व फ्रीडमन यांनी 1959 मध्ये ‘लॅन्सेट’मधून मांडले. पुढे ल्युपस व संधिवात यांसाठी त्याऐवजी हायड्रॉक्सीक्लोरोक्विन अधिक रूढ झाले. त्याची विषबाधा अत्यंत विरळ आहे, असा समज अनेक दशके टिकला. या समजाला धक्का दिला तो मेलेस व मार्मर यांच्या 2014 मधील अभ्यासाने. कॅलिफोर्नियातील एका मोठ्या आरोग्यसेवेतील, किमान पाच वर्षे हे औषध घेतलेल्या 2361 रुग्णांची त्यांनी पाहणी केली. त्यांपैकी 7.5 टक्के रुग्णांत दृष्टिपटलाची हानी आढळली. हा आकडा पूर्वीच्या अंदाजांच्या कितीतरी पुढे होता. येथे औषध अधिक घातक झाले असे नव्हे. दृष्टिपटलाच्या थरांचे सूक्ष्म चित्र देणारी ओसीटी तपासणी व दृष्टिक्षेत्राची स्वयंचलित तपासणी यांमुळे पूर्वी न दिसणारी हानी दिसू लागली. औषधाचे प्रमाणही औषधालयाच्या नोंदींवरून, म्हणजे रुग्णाने प्रत्यक्ष नेलेल्या गोळ्यांवरून काढले होते. या अभ्यासाचे खरे बळ या दोन गोष्टींत आहे.

याच अभ्यासाने आणखी एक जुनी पट्टी बदलली. त्यापूर्वी मात्रा ‘आदर्श’ वजनावर, दर किलोस 6.5 मिलिग्रॅम या हिशेबाने ठरे. परंतु प्रत्यक्ष वजनावर हिशेब केला असता धोक्याचा अंदाज अधिक अचूक येतो, असे दिसून आले. त्यानुसार अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजीने 2016 मध्ये प्रत्यक्ष वजनाच्या दर किलोस 5 मिलिग्रॅम ही दैनंदिन कमाल मर्यादा सुचविली. या मर्यादेत राहिल्यास पहिल्या पाच वर्षांत धोका 1 टक्क्याहून कमी व दहा वर्षांपर्यंत 2 टक्क्यांहून कमी असतो. वीस वर्षांनंतर मात्र तो 20 टक्क्यांच्या जवळ जातो.

हा हिशेब आपल्याकडे लावून पाहावा. 400 मिलिग्रॅमची रोजची मात्रा या मर्यादेत बसण्यासाठी रुग्णाचे वजन 80 किलो असावयास हवे. 45 किलो वजनाच्या स्त्रीस तीच मात्रा दिली, तर ती दर किलोस जवळजवळ 8.9 मिलिग्रॅम होते. आपल्या भागातील कृश अंगयष्टीच्या स्त्रियांना हे औषध वर्षानुवर्षे चालू असते आणि चिठ्ठीवर औषधाचे नाव असते, वजन बहुधा नसते. हे औषध थांबवावे असा याचा अर्थ कदापि नाही. ल्युपसच्या रुग्णास त्याचे मोल फार मोठे आहे, आणि भीतीपोटी ते सोडणे हाही अनर्थच. (2020 मध्ये करोनाच्या काळात याच औषधाने डोळे जातील अशी चर्चा घरोघरी झाली. ती आठवड्याला एक याप्रमाणे काही आठवडे घ्यावयाच्या मात्रेबाबत होती. वर्षानुवर्षे रोज घेणाऱ्यांविषयी कोणी अवाक्षर काढले नाही.)

आता ‘कोणाच्या डोळ्यावर’ हा प्रश्न. मेलेस व मार्मर यांनीच 2015 मध्ये 201 बाधित रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गौरवर्णीय रुग्णांत हानी प्रायः दृष्टिकेंद्राच्या लगतच्या वलयात होती. आशियाई रुग्णांपैकी निम्म्यांत मात्र ती केवळ त्याबाहेरच्या भागात आढळली. गौरवर्णीयांत असे प्रमाण 2 टक्के होते. म्हणजे मध्यभागाच्या 10 अंशांपुरतीच तपासणी केली, तर अशा रुग्णाचा अहवाल निर्दोष येऊ शकतो. म्हणूनच आशियाई रुग्णांसाठी अधिक विस्तृत क्षेत्र तपासण्याची शिफारस पुढे करण्यात आली. शिफारस योग्यच आहे, तथापि तिचा पाया तपासावा लागतो. त्या 201 जणांत आशियाई 18 टक्के, म्हणजे सुमारे 36 व्यक्ती. जपानपासून भारतापर्यंतचे लोक ज्या एका शब्दात सामावतात, त्या शब्दाच्या आधारे कोल्हापूरच्या रुग्णाविषयी कितपत बोलता येईल? हे औषध मेलॅनिन या रंगद्रव्याला घट्ट चिकटते, हे ज्ञात आहे. हे चिकटणे हानीचे कारण की संरक्षण, यावर मतैक्य नाही.

मेलॅनिनचा हाच धागा कर्करोगाच्या दालनातही आढळतो. रेटिनोब्लास्टोमा हा बालकांच्या दृष्टिपटलाचा कर्करोग. 1971 मध्ये नडसन यांनी केवळ 48 रुग्णांच्या आधारे मांडलेल्या ‘दोन आघातां’च्या उपपत्तीमुळे त्याला कर्करोगाच्या आनुवंशिकीत मानाचे स्थान मिळाले. उपचारात दीर्घकाळ डोळा काढणे हाच मार्ग होता. 2008 मध्ये अॅब्रॅमसन व सहकाऱ्यांनी नेत्रधमनीतून थेट मेल्फॅलन देण्याचे पहिले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे ते डोळ्यात सुईने देण्याचीही पद्धत रुळली. जे डोळे पूर्वी निश्चित काढले गेले असते, त्यांतील पुष्कळ आता वाचतात. हे यश निर्विवाद आहे.

परंतु ‘डोळा वाचला’ ही नोंद दृष्टीविषयी काय सांगते? तान्ह्या मुलास अक्षरांचा तक्ता वाचता येत नाही. त्यासाठी प्रकाशाला दृष्टिपटल देत असलेला विद्युत्-प्रतिसाद, म्हणजेच ईआरजी, नोंदवावा लागतो. न्यूयॉर्कच्या या गटाने तो प्रारंभापासून नोंदविला, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. किंबहुना त्यामुळेच, डोळ्यात दिलेल्या मेल्फॅलनच्या प्रत्येक मात्रेगणिक हा प्रतिसाद सरासरी काही मायक्रोव्होल्टने घटतो, ही अप्रिय बाब त्यांनाच नोंदविता आली. अधिक रंगद्रव्य असलेल्या डोळ्यांत ही घट अधिक असल्याचेही त्यांनीच मांडले. ज्या शोधनिबंधांत ईआरजी नाही आणि केवळ वाचलेल्या डोळ्यांची टक्केवारी आहे, ते निबंध याच कसोटीवर वाचावे लागतात. भारतीय बालकांच्या डोळ्यांत रंगद्रव्य विपुल असते, हे ध्यानी घेता असे निबंध आपल्याकडे अधिकच सावधपणे वाचले पाहिजेत.

अर्थात जगाच्या मोठ्या भागात प्रश्न दृष्टीपर्यंत पोहोचतच नाही. 153 देशांतील 4351 बालकांचा 2020 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, निदानाच्या वेळी बालकाचे मध्यक वय श्रीमंत देशांत 14.1 महिने, तर सर्वांत गरीब देशांत 30.5 महिने होते. आणि रोग डोळ्याबाहेर पसरल्याचे प्रमाण अनुक्रमे 1.5 व 49.1 टक्के होते. तेथे मोजमाप जिवाचेच असते. सर्वांत सामान्य पहिले लक्षण म्हणजे बाहुलीत दिसणारी पांढरी चमक. ती पाहण्यास यंत्र लागत नाही, आणि बहुतेक वेळा ती प्रथम आईलाच दिसते. ती दिसल्यापासून निदान होईपर्यंतचे महिने कोठे गेले, याचा तपशील आपल्या जिल्हावार नोंदींतून कोणी मांडल्यास तो अभ्यास मेल्फॅलनच्या मात्रेइतकाच महत्त्वाचा ठरेल, आणि त्यासाठी वैद्यक शाखेचाच अभ्यासक हवा असेही नाही.