शुभंकर कुणाला शुभ?

शाळेला आता शुभंकर लागतो म्हणे. फाटकाशी नाहीतर मैदानाच्या कोपऱ्यात सिंह बसवायचा, गरुड बसवायचा. छाती पुढं, जबडा उघडा. दिल्लीच्या 1982 च्या आशियाई खेळांत ‘अप्पू’ हत्ती आला आणि हा प्रकार आपल्याकडं पोराटोरांना माहीत झाला. खेळापुरता तो गोडच. पण शाळेच्या आवारात पुतळा उभा राहिला की तो रोज सकाळी पोरांशी बोलतो. म्हणून त्याची समीक्षा कवितेइतकीच कडक व्हायला पाहिजे.

आधी शब्दच बघा. शुभ काय, अशुभ काय, हे या देशात कुणी ठरवलं? ज्यांनी ठरवलं त्यांनी आपली सावलीसुद्धा अशुभाच्या रकान्यात टाकली. तोच शब्द आता रंगरंगोटी करून शाळेत येतोय.

संस्थाचालक म्हणतात, प्राण्याला जात नसते. महापुरुष बसवला की वाद होतो. साफ खोटं. हत्तीचंच घ्या. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशननं 1952 च्या निवडणुकीत हत्ती ही निशाणी घेऊन मतं मागितली. पुढं ती बहुजन समाज पक्षाकडं आली. जानेवारी 2012 मध्ये उत्तर प्रदेशच्या निवडणुकीआधी निवडणूक आयोगानं लखनौ-नोएडातले हत्तींचे पुतळे झाकायला लावले. प्राणी मुका असतो, त्याला उभा करणारा मुका नसतो. मग ज्या शाळेत आपली पोरं शिकतात तिथं सिंह उभा करणारा काय बोलतोय? तो बोलतोय ताकदीबद्दल. जो फाडून खातो तो मोठा. वर्गात ‘समता’ शिकवायची आणि फाटकाशी जबडा दाखवायचा, ही विसंगती कुणाला खटकत कशी नाही?

उल्हासनगरात तर ती जास्तच खटकायला हवी. हे गाव मुळात लष्करी छावणी, कल्याण कॅम्प. फाळणीत घरदार गेलेले सिंधी लोक इथल्या बराकींत राहिले. 1949 च्या ऑगस्टात गावाला आजचं नाव मिळालं. पोटामागं आलेली आपली माणसंही इथल्या टेकड्यांवर, नाल्यांच्या काठानं वसली. एक जण देशातून हुसकलेला, दुसरा गावकुसाबाहेर ठेवलेला. दोघांची पोरं एका बाकावर बसतात. या बाकाची गोष्ट सांगणारं शिल्प का नको? ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकतो. नक्कल बाजारात पोट भरते. शाळेत नक्कल उभी केली तर पोरगं काय शिकेल?

आता घडवण्याचं. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर 4 डिसेंबर 2023 रोजी शिवाजी महाराजांचा 35 फुटी पुतळा उघडला, 26 ऑगस्ट 2024 ला कोसळला. नऊ महिनेही टिकला नाही. शिल्पकार आपल्या शेजारच्या कल्याणचा. कला संचालनालयानं मंजुरी दिली होती ती सहा फुटांच्या नमुन्याला, हे नंतर बाहेर आलं. मातीचा नमुना आधी तपासून घ्यायचा नियम आहे, पण घाई उद्घाटनाची होती. जिथं तारीख आधी ठरते आणि शिल्प मागून येतं, तिथं हेच होणार.

याच्या उलट कोल्हापूरचा बिंदू चौक. तिथं 9 डिसेंबर 1950 ला जोतीराव फुले आणि बाबासाहेब यांचे पुतळे शेजारी शेजारी बसले. बाबासाहेब हयात असताना! पुढाकार भाई माधवराव बागलांचा. आकारानं साधे अर्धपुतळे. पण गुरू आणि शिष्य एका चौकात आणले की त्यातून विचार दिसतो. शिल्पाची उंची फुटांत मोजायची नसते.

दोस्तहो, आपणही सुटत नाही. ब्रह्मेश वाघ यांनी घडवलेला, 1967 साली संसदेच्या आवारात उभा राहिलेला बाबासाहेबांचा पुतळा बघा: हातात ग्रंथ, वर उचललेलं बोट. आपण त्याच्या नकला गावोगाव मागवल्या. चेहरा बिघडला, हात आखूड झाला, तरी हार घातला. माणूस थोर आहे म्हणून शिल्प चांगलं होत नाही. विभूतिपूजेचा धोका बाबासाहेबांनीच 1943 साली पुण्यात रानड्यांवरच्या भाषणात सांगितला होता.

त्यांनी स्वतः कॉलेजला प्रतीक कोणतं दिलं? औरंगाबादच्या कॉलेजला नाव दिलं मिलिंद. राजा असून भिक्खूला प्रश्नावर प्रश्न विचारणारा, उत्तर पटल्यावर मान्य करणारा. सिंहाच्या जबड्यापेक्षा हे प्रतीक किती पुढचं! विद्यार्थ्याचं काम विचारणं आहे, हे त्या एका नावात आलं.

प्रश्न विचारायची सवय नसली की काय होतं ते बदलापूरनं बघितलं. ऑगस्ट 2024 मध्ये शाळेतच दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाल्याचं उघड झालं आणि 20 तारखेला लोक रुळांवर उतरले. शाळाशाळांत ‘सखी सावित्री’ समिती नेमा, असा आदेश सरकारनं मार्च 2022 मध्येच काढला होता. सावित्रीबाईंचं नाव कागदावर आलं, काम किती शाळांत आलं? आवारात पुतळा आहे आणि मुलीचं ऐकणारं कुणी नाही, तर तो पुतळा खोटा आहे. मग तो सिंहाचा असो, नाहीतर आपल्या माणसाचा.

तेव्हा उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या कार्यकर्त्यांनी पालक सभेत उभं राहावं. पुतळ्याचा ठराव आला की विचारावं: समिती नेमली का? तिच्यात कोण आहे? पैसा कुणाचा? मातीचा नमुना महिनाभर शाळेत ठेवून पोरांना बघू द्याल का? शिल्पकाराचं आणि ओतकाम करणाऱ्यांचं नाव चौथऱ्यावर कोराल का, की फक्त देणगीदाराचं? उत्तरं मिळेपर्यंत ठरावावर सही करू नका.