आल्याच्या कुळाची गावयादी कशी वाचायची?

‘अमुक गावातील वनस्पतींचे पारंपरिक उपयोग’ अशा नावाचे पेपर तुम्ही वाचले असतीलच. आधी प्रस्तावना, मग भलंमोठं टेबल आणि शेवटी ‘पारंपरिक ज्ञान लोप पावत आहे’ हे ठरलेलं वाक्य. स्थानिक नावं कागदावर येतात, हे या पेपरांचं मोठं काम. पण गोंदियातल्या जंगलालगतच्या गावात कुणी आल्याचं कूळ (झिंजिबरेसी) घेऊन असा सर्व्हे केला, तर टेबलवर विश्वास ठेवण्याआधी तीन गोष्टी तपासा.

पहिली, कूळ. पेव म्हणजे केऊकंद (कॉस्टस) या यादीत असेल, तर लेखकाने जुना ग्रंथ तसाच उतरवलाय असं समजा. आज तो कॉस्टेसी या वेगळ्या कुळात आहे. त्याची पानं खोडाभोवती गोल फिरत वर चढतात आणि चुरडली तरी आल्यासारखा वास येत नाही. आल्याची पानं दोन रांगांत असतात.

दुसरी, ऋतू. तिखूर, म्हणजे कर्क्युमा अँगस्टिफोलिया, घ्या. कंद किसून, पाण्यात पुन्हा पुन्हा धुऊन, तळाशी बसलेलं सत्त्व वाळवतात. ते उपवासाला चालतं. कंद काढतात हिवाळ्यात, पानं वाळल्यावर. फूल येतं पावसाळ्याच्या तोंडावर, बहुधा पानांआधी. म्हणजे उपयोग दिसतो तेव्हा ओळख पटवणारं फूलच नसतं. एकाच फेरीत सर्व्हे उरकला असेल, तर नाव कशावरून ठरवलं?

तिसरी, टक्केवारी. ‘फिडेलिटी लेव्हल’ म्हणजे वनस्पतीचा उपयोग सांगणाऱ्यांपैकी किती जणांनी तोच मुख्य उपयोग सांगितला. समजा, 3 जणांनी एक कंद सांगितला आणि तिघंही ‘खोकल्यावर’ म्हणाले: 100 टक्के. दुसरा 30 जणांनी सांगितला, पैकी 27 जण एकमत: 90 टक्के. टेबलात पहिला वर बसतो! माणसांची संख्या दिली नसेल, तर त्या आकड्याला अर्थ नाही.

ही नुसती काटेकोरपणाची हौस नाही. जैवविविधता कायदा, 2002 नुसार गावाची लोकजैवविविधता नोंदवही तयार होते. पेपरमधलं चुकीचं नाव तिथे उतरलं, की चूक गावाच्याच दप्तरात जाते. पुढे कुणी त्या नावावर रासायनिक चाचण्या केल्या, तर भलत्याच कंदाच्या होतात.

म्हणून टेबलात सगळ्यात आधी हर्बेरियम नमुन्याचा क्रमांक शोधा. आणि तुमचा स्वतःचा सर्व्हे आखाल, तेव्हा गावात किमान दोन फेऱ्या धरा: एक फुलासाठी, एक कंदासाठी.